सोपाऱ्याचं बंदर आणि एक धोटा

मुलांनो, हा लेख वाचायला बसण्याआधी एक छोटंसं काम करा. अंगातल्या सदऱ्याची किंवा फ्रॉकची कॉलर मागून उलटी करा आणि शेजारी बसलेल्याला तिथली चिठ्ठी वाचायला सांगा. मी आमच्या चौथीच्या वर्गात हे करायला सांगितलं, तेव्हा एकतीस मुलं एकमेकांच्या मानगुटी धरून उभी होती आणि नेमके त्याच वेळी मुख्याध्यापक दारात आले! असो. कोणाच्या चिठ्ठीवर तिरुपूर निघालं, कोणाच्या चिठ्ठीवर बांगलादेश. बऱ्याच चिठ्ठ्या धुऊन धुऊन कोऱ्या झालेल्या. पण आपल्या वसईचं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, आपल्याकडे कापडाचं काही नव्हतंच का कधी?"

या प्रश्नाचं उत्तर फळ्यावर लिहून देता आलं असतं. पण मी म्हटलं, चला, बघूनच येऊ. जानेवारीतला एक शनिवार ठरवला, पालकांच्या चिठ्ठ्या गोळा केल्या, डबे घेतले आणि निघालो. आता तुम्हीही चला आमच्याबरोबर.

पहिला मुक्काम सोपारा. नालासोपारा स्टेशनला पश्चिमेला उतरून सोपारा गावाकडे गेलं की इमारतींच्या गर्दीतून अचानक झाडं आणि मोकळी जागा दिसते. मध्ये विटांचा एक गोल उंचवटा. हा सोपाऱ्याचा स्तूप. गावातले जुने लोक याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणायचे. बुरूड म्हणजे कोण, ठाऊक आहे ना? बांबूच्या टोपल्या, सुपं विणणारा कारागीर. गंमत बघा, या गावाचं जुनं नाव शूर्पारक. आणि 'शूर्प' म्हणजे संस्कृतात सूप! गावाच्या नावातही विणकाम आणि टेकाडाच्या नावातही विणकाम.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणलं. आतून दगडी पेटी निघाली, पेटीत एकात एक ठेवलेले करंडे, सोन्याची फुलं आणि बुद्धमूर्ती. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा त्याच साली सोपाऱ्यात मिळाला, दुसरा १९५६ साली जवळच भुईगावला. अशोक राजाने आपल्या आज्ञा कुठे कोरून ठेवल्या? जिथे चार लोक येतात-जातात, वाचतात, अशा जागी. म्हणजे सोपारा तेव्हा गजबजलेलं असणार. होतंच! ते बंदर होतं.

मुलांनी लगेच विचारलं, "बाई, समुद्र कुठाय?" बरोबर आहे. आज तिथून समुद्र दिसत नाही. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडलं. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं खलाशांचं पुस्तक आहे, त्यात या किनाऱ्यावरच्या बंदरांच्या यादीत सोपारा आहे, कल्याणही आहे. त्याच पुस्तकात लिहिलंय, की तगर गावाहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, साधं सुती कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात नेत. बैलगाड्या घाट उतरून किती दिवस चालत असतील, नुसता विचार करा.

हे कापड जायचं कुठे? इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात म्हणून जुनं गाव आहे. तिथल्या उकिरड्यात शेकडो वर्षांपूर्वीच्या कापडाचे तुकडे सापडले, गुजरातेत छापलेले, रंग अजून ओळखता येतो असे. आणि रोममध्ये प्लिनी नावाचा एक लेखक तर चिडलाच होता. हिंदुस्थानचा माल घेण्यात आपले दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स जातात, अशी त्याची तक्रार होती. सेस्टर्स म्हणजे रोमन नाणी. मिरी, मोती, कापड असं सगळं त्यात आलं.

सोपारा, वसई ही मुळात खलाशांची आणि व्यापाऱ्यांची गावं. माल येई, जहाजात चढे. पण विणकर फार दूर नव्हते हं. खाडीपलीकडचं ठाणं घ्या. तेराव्या शतकात मार्को पोलो या प्रवाशाने ठाण्याच्या सुती कापडाची नोंद करून ठेवली आहे. आणि मुंबईतल्या डोंगरीचं नाव तर जगभर गेलं. डोंगरीच्या जाड्याभरड्या कापडावरून इंग्रजीत 'डंगरी' शब्द आला. तुमच्या धाकट्या भावाला खांद्यावर पट्टे असलेली ती डंगरी घालतात ना, ती हीच! तसाच छींटवरून 'चिंट्झ' आला, बांधणीवरून 'बंडाना', कालिकतवरून 'कॅलिको'.

स्तूपाच्या सावलीत बसून मी मुलांना कापड कसं विणतात ते समजावत होते. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. उभे धागे एकाआड एक वर-खाली होतात आणि मधल्या फटीतून आडवा धागा इकडून तिकडे सरकतो. "तो धागा ज्यात भरलेला असतो, ती होडीसारखी लाकडी वस्तू, तिला म्हणतात..." आणि मला शब्दच आठवेना. डी.एड.ला असताना कार्यानुभवाच्या तासाला टकळीवर सूत कातलं होतं, तेही दर वितीला तुटायचं. माग काही हाताळला नव्हता.

"ढरकी," मागून आवाज आला.

वर्गात वर्षभरात स्वतःहून एक शब्द न बोललेला मुलगा. तो नालासोपारा पूर्वेला राहतो. मी विचारलं, "तुला रे कसं ठाऊक?" तर म्हणाला, "दादाकडे आहे." त्यांच्याकडे आजोबांना दादा म्हणतात. एवढंच बोलून तो पुन्हा गप्प. (मराठी शब्द मला बसमध्ये चढताना आठवला. धोटा!)

सोपाऱ्याहून निर्मळमार्गे वसईकडे जाणारा रस्ता फार सुंदर आहे. अजून तरी आहे. दोन्ही बाजूंना वाड्या, केळी, पानवेली, विहिरी, चर्चचे पांढरे मनोरे, मध्येच देवळाचा कळस. वाटेत आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आजीकडे पाणी प्यायला थांबलो. आजी सामवेदी ख्रिस्ती. अंगावर लाल लुगडं. मुलांनी आल्या आल्या विचारलं, "आजी, हे कुठून आणलं?"

आजी हसली. "पूर्वी पापडीच्या बाजारात जायचो आम्ही. दुकानदार गठ्ठाच टाकायचा पुढ्यात. आता म्हणतो, आजी, नेसणारं उरलं नाही, तर विणणारं कुठून उरणार?" मग ती आत गेली आणि जुन्या चादरीत गुंडाळलेली तीन लुगडी घेऊन आली. एक तिच्या आईचं. हाताने धुऊन धुऊन इतकं मऊ झालं होतं, की मुलं गालाला लावून बघत होती. "एवढीच राहिली," आजी म्हणाली. "नातीला म्हटलं, घे. ती म्हणते, मला नेसताच येत नाही." आमच्या वर्गातली ती नात लाजून विहिरीकडे पळाली.

दुपारी वसईचा किल्ला. डबे आम्ही तिथेच खाल्ले, पडक्या चर्चच्या भिंतीला टेकून. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि त्यांनी इथे मोठं शहर उभं केलं. १७३९ साली चिमाजी अप्पांनी ते जिंकलं. ही लढाई तुमच्या पुस्तकात आहे, म्हणून मी इथे फार बोलत नाही. मला तुम्हाला सांगायचंय ते लढाईचं नाही, एका सहीचं.

३१ डिसेंबर १८०२. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला पराभव केल्यावर दुसरा बाजीराव पेशवा इंग्रजांच्या आश्रयाला वसईत आला होता. इथे त्याने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. कंपनीची ६,००० तैनाती फौज ठेवायची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख द्यायचा, असं बरंच काही त्यात होतं. आणखी एक कलम होतं, ज्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. पेशव्याने सुरतेवरचा हक्क सोडला. सुरत म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरची कापडाची केवढी मोठी पेठ! पुढे १८१८ साली पेशवाईच संपली आणि आपला सगळा मुलूख कंपनीच्या हाती गेला. आता इथे कोणता माल यावा, त्यावर किती जकात बसावी, हे ठरवणारे लोक लंडनला बसले होते.

आणि त्यांनी काय ठरवलं? आधी थोडं मागे जाऊ. एक काळ असा होता, की इंग्लंडच्या बायका आपल्या छिटांवर अगदी फिदा होत्या. तिथल्या लोकरीच्या आणि रेशमाच्या विणकरांचा धंदा बसायला लागला. त्यांनी दंगे केले. छिटाचे कपडे घातलेल्या बायकांवर ते रस्त्यात धावून गेले! मग तिथल्या पार्लमेंटने १७०० साली आणि पुन्हा १७२१ साली कायदे करून आपली छापील कापडं बंद केली. म्हणजे स्वतःचे विणकर कसे सांभाळायचे, ते त्यांना पक्कं कळत होतं.

या बंदीच्या आडोशाने तिथे यंत्रं वाढली. हारग्रीव्ह्जची जेनी, आर्कराइटचं पाण्यावर चालणारं कताईयंत्र, क्रॉम्प्टनचं 'म्यूल'. यंत्रं हुशारीची होती, यात शंका नाही. एक गणित बघा, आमच्या मुलांनी ते किल्ल्यातच सोडवलं. १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो कापसाचं बारीक सूत हाताने कातायला आपल्याकडे ५०,००० तास लागत, असा जाणकारांनी हिशेब काढला आहे. १७९५च्या सुमाराला इंग्रजी यंत्रावर तेच काम ३०० तासांत व्हायला लागलं. रोज ८ तास, एकही सुट्टी न घेता काम केलं तर? हाताने सतरा वर्षं. यंत्रावर सव्वा महिना.

आता कोणी म्हणेल, मग यंत्र जिंकलं, यात कोणाचा काय दोष? शर्यत सारखी असती, तर मीही तसंच म्हटलं असतं. पण १८१३च्या सुमाराला आपलं कापड इंग्लंडात न्यायचं तर तिथे शेकडा ७०हून जास्त कर होता, आणि त्यांचं कापड इथे जवळजवळ मोकळं येत होतं. एकाच्या पायात बेडी घालून दुसऱ्याला सायकल द्यायची आणि मग म्हणायचं, पळा! १८१४ साली इंग्लंडहून इथे १० लाख वारांपेक्षाही कमी सुती कापड आलं. १८३५ साली आलं ५ कोटी वारांहून जास्त. एकवीसच वर्षं लागली.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. इंग्रजांनी आपल्या विणकरांचे अंगठे कापले, असं मी पहिली दोन वर्षं वर्गात सांगत होते. तुम्हीही ऐकलं असेल. मग एकदा नीट वाचलं. विल्यम बोल्ट्स या कंपनीच्याच जुन्या नोकराने १७७२ साली पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की बंगालमध्ये कंपनीचे गुमास्ते कामाची सक्ती करत, आगाऊ पैसे माथी मारत, ठरवतील त्या भावात माल उचलत, फटके मारत. आणि कच्चं रेशीम उलगडणाऱ्या काही कारागिरांनी या जाचातून सुटायला आपले अंगठे आपणच कापून घेतले. मला ही गोष्ट आधीच्या गोष्टीपेक्षा जास्त भयंकर वाटते. तेव्हापासून मी तीच सांगते.

सगळ्यात आधी कोणाचं काम गेलं, ठाऊक आहे? सूत कातणाऱ्यांचं. घरोघरच्या बायका, म्हाताऱ्या, विधवा रहाटावर सूत कातून चार पैसे मिळवत. विलायतेचं सूत आलं आणि रहाट माळ्यावर गेले. विणकरांनी तेच विलायती सूत घेऊन आणखी काही वर्षं माग चालवले. जाडंभरडं कापड, लुगडी, पागोटी, घोंगड्या टिकल्या. तलम कापड आधी गेलं. साळी, कोष्टी, मोमीन यांच्यातले कितीतरी जण शेतमजुरीला लागले. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात विलायती मालामुळे उपाशी पडलेल्या आपल्या कारागिरांचं दुःख आहे.

आणि एक गोष्ट लपवायला नको. ते विलायती कापड विकत घेणारे आपलेच पणजोबा-पणज्या होते. स्वस्त होतं, गुळगुळीत होतं, वर्षाला दोन लुगडी परवडायची तिथे तीन येत होती. गरिबाने ते घेतलं, म्हणून त्याला नावं ठेवायला माझं तरी मन होत नाही.

किल्ल्याच्या दर्या दरवाजापाशी बोटी बघून आम्ही वसई रोड स्टेशनला आलो. फलाटावर मुलांना रांगेत बसवलं. तेवढ्यात गुजरातकडून एक लांबलचक मालगाडी आली. मुलं डबे मोजायला लागली आणि मला पुढचा धडा आयताच मिळाला.

ही रेल्वे इथे का आली? तुम्ही म्हणाल, आपल्याला ऑफिसला जायला! विरारहून मुंबईला रोजची लोकल १२ एप्रिल १८६७ला सुरू झाली, हे खरं आहे. दिवसाला एक गाडी जायची आणि एक यायची. (आजच्या विरार लोकलमध्ये लोंबकळणाऱ्या बाबांना हे नक्की वाचून दाखवा.) पण ही लाइन बांधणाऱ्या 'बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया' कंपनीची नजर होती गुजरातच्या कापसावर. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ साली वसईच्या खाडीवरून रूळ पुढे जाऊन अहमदाबादपर्यंतची लाइन सुरू झाली. गुजरातच्या कापसाच्या गाठी वसईवरून धडधडत मुंबई बंदरात जाऊ लागल्या. इंग्लंडच्या लँकेशायरात या सगळ्या कापसाला एकच नाव होतं, 'सुरत'. ज्या सुरतेचं कापड जगभर जायचं, तिचं नाव आता नुसत्या कापसाला उरलं.

"म्हणजे बाई," एक मुलगी बोटं मोजत म्हणाली, "आधी इथून कापड जायचं आणि तिकडून सोनं यायचं. मग इथून कापूस जायला लागला आणि तिकडून कापड यायला लागलं."

मी म्हटलं, "पुढे बोल."

"मग मधले विणायचे पैसे तिकडेच राहिले."

हे मी वहीत लिहून घेतलं. माझ्या दोन तासांच्या बडबडीचं सार तिने एका ओळीत काढलं होतं.

मुंबईत गिरण्या आल्या त्या त्यानंतर का? नाही, आधीच. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला पहिली गिरणी काढायला घेतली. पण इथल्या गिरण्या वाढू लागल्या, तसा सरकारने १८९६ साली त्यांच्या कापडावरही शेकडा साडेतीन कर बसवला, विलायती कापडाला त्रास नको म्हणून! लोक चिडले नसते तरच नवल. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, तर १८७७च्या दिल्ली दरबारालाच स्वतः कातलेल्या सुताच्या खादीत गेले होते. १९०५ साली पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापडाच्या ट्रकसमोर बाबू गेनू आडवा झाला. वय अवघं बावीस. तो स्वतः गिरणी कामगार होता.

त्या गिरण्याही आता बहुतेक गेल्या. १९८२च्या संपानंतर एकेक बंद पडत गेली. हातमागाला फक्त विलायतेनेच मारलं असंही नाही, पुढे आपल्याच गिरण्यांनी आणि यंत्रमागांनीही मारलं. इचलकरंजीला आपण कौतुकाने 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणतो. मला दर वेळी ते ऐकून थोडं हसू येतं आणि थोडं रडू. येवल्याला मात्र अजून पैठणी हातमागावर विणतात. कधी गेलात, तर मागाशेजारी उभे राहून पाच मिनिटं नुसता आवाज ऐका.

सोमवारी शाळा भरली. प्रार्थना झाली, हजेरी घेतली आणि तो गप्प मुलगा टेबलाजवळ येऊन उभा राहिला. दप्तरातून त्याने रुमालात बांधलेली वस्तू काढली. काळसर लाकडाची, वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. मधल्या पोकळीत अजून गुलाबी धागा अडकलेला.

मग त्याने सगळं सांगितलं. हिंदी-मराठीत, अडखळत, पण सांगितलं. दादा उत्तर प्रदेशात मऊला हातमागावर साड्या विणायचे. अब्बा भिवंडीला आले आणि यंत्रमागावर लागले. तिथलं काम सुटल्यावर नालासोपाऱ्यात आले. आता एका गाळ्यात शिवणयंत्रावर शर्टांना कॉलरी लावतात. "माझ्या अब्बांनी लावलेल्या कॉलरला चिठ्ठी दुसरेच लोक लावतात," तो म्हणाला.

विणकरांची अशी घरं भिवंडीत कितीतरी आहेत. १८५७च्या उठावानंतर उत्तरेतले मोमीन विणकर पोटासाठी भिवंडी, मालेगावला येऊ लागले, ती रांग पुढे कित्येक वर्षं चालूच राहिली. चिंचोटी-कामणच्या रस्त्याने गेलं, तर भिवंडी आमच्या शाळेपासून काही फार लांब नाही.

एकतीस मुलांच्या हातातून ती ढरकी फिरली. एकाने ती बाकावरून होडीसारखी चालवून पाहिली. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'धोटा', आणि त्याच्या शेजारी, 'ढरकी'. दोन्ही शब्द मुलांनी वहीत उतरवले. मी म्हटलं, "आपण हिला कपाटात काचेमागे ठेवू या का? नाव लिहून?"

त्याने मान हलवली. "नाही बाई. संध्याकाळी परत आण म्हणालेत. दादा रोज एकदा हातात घेतात." आणि रुमालाच्या दोन गाठी मारून त्याने ती परत दप्तरात ठेवली.